आभाराचे शब्द खोटे वाटतात तेव्हा

प्रश्न : चतुर्थीला घर भरलेलं होतं तेव्हा देवाचे आभार सहज तोंडी यायचे. आता यजमानांची बोटीवरची नोकरी गेली. दिवेलागणीला हात जोडते, पण शब्द खोटे वाटतात. काय करू? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : ताई, खोटे वाटणारे शब्द म्हणूच नका. नोकरी गेली म्हणून आभार मानायचे नसतात. ती गेल्यावरही जे उरलं, त्याचे मानायचे. त्याआधी गाऱ्हाणं घाला. गोव्यात देवळात ते मोठ्याने घातलं जातं, तसंच देव्हाऱ्यापुढे दोन-तीन वाक्यांत नेमकं सांगा : हप्ता थकलाय, झोप येत नाही. मनात दडपलेलं दुःख आभाराला चिकटून राहतं, म्हणून हा क्रम सोडू नका. मग त्या दिवसातली एकच गोष्ट. 'सगळ्यासाठी आभार' हे चार दिवसांत पाठ होतं, त्यात काही दिसत नाही. 'शेजारणीने बांगडे दिले' यात दिसतं. काही सुचलं नाही तर नुसता नमस्कार पुरे.

नवस बोलायचा तर वेगळ्या वेळी बोला. दोन्ही एकत्र केले की आभाराचा सौदा होतो, आणि फळ लांबलं की दिवा लावणंही नकोसं होतं.

चांगल्या दिवसांत हे जास्त विसरतं. नव्याच्या पंचमीला भाताची नवी कणसं पुजतात ती तिथीनुसार, मनःस्थितीनुसार नव्हे. तशीच दिवेलागण धरा. यजमानांना मात्र आग्रह करू नका, शेजारी बसले तरी चालेल.