दिव्यांग खेळाडूंच्या परदेशातल्या सराव शिबिराची तयारी कशी करावी? तिथलं जेवण त्यांना चाखू द्यावं का?

चाखू द्यावं, आणि शिबिरातच चाखायला लावावं. खिचडीच्या पाकिटांनी बॅगा भरून ‘बाहेरचं काही नको’ म्हणणाऱ्या संघ-व्यवस्थापकांना ती काळजी वाटते. मला तो आळस वाटतो. स्पर्धेत राहण्याच्या जागी जे मिळेल तेच बहुधा खावं लागतं. ते पोटाला झेपतं का, हे शिबिरात नाही तपासायचं तर कुठे?

तुम्ही देश लिहिलेला नाही. ऑक्टोबर २०२६ मध्ये आशियाई पॅरा क्रीडा स्पर्धा आइची-नागोयात आहेत, म्हणून जपान धरतो.

नागोयाची खासियत लाल मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा खारट लगदा. मिसोकात्सु (मिसो घातलेलं तळलेलं डुकराचं मांस), मिसो-निकोमी उदोन (मिसोच्या रश्श्यात शिजवलेल्या जाड शेवया), सगळं चविष्ट आणि खारट. पाय कापलेल्या खेळाडूला हे मीठ नडतं. शरीर पाणी धरून ठेवतं, स्टंप, म्हणजे कापलेल्या पायाचा उरलेला भाग, किंचित फुगतो आणि काल नीट बसलेलं सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाची स्टंप बसवायची वाटी, आज आवळतं. लांबच्या विमानप्रवासातही स्टंप सुजतो. पोहोचल्या संध्याकाळीच मिसोवर ताव मारला तर दोन्ही कारणं एकत्र येतात, आणि सकाळी सॉकेट सैल करायला ते घासायला घेणाऱ्याला कळत नाही की दोष सॉकेटचा नाहीच. तसंच धावलं की कातडी सोलते आणि पुढचे काही दिवस सराव बंद. म्हणून विमानात कृत्रिम पाय काढून बसायचं असेल तर स्टंपवर श्रिंकर (सूज आवरणारा घट्ट लवचिक मोजा) चढवावा, १, ३ आणि ५ प्लायचे, म्हणजे वेगवेगळ्या जाडीचे, स्टंपचे मोजे हातातल्या बॅगेत ठेवावेत, रोज सकाळी आरशात स्टंप बघावा. पहिले दोन दिवस साधा भात, अंडी, ग्रिल केलेला मासा. मग उदोन खा, पण रस्सा वाडग्यात राहू द्या.

पाठीच्या कण्याला इजा झालेल्यांचं गणित वेगळं. त्यांचं पोट ठरलेल्या वेळी, बहुधा जेवणानंतर अर्ध्या तासाने साफ करावं लागतं, आणि जपान आपल्यापुढे साडेतीन तास आहे. ही वेळ निघण्याआधीच रोज अर्धा-पाऊण तास अलीकडे आणावी. विमानातलं स्वच्छतागृह टाळायला पाणी बंद करणारे बरेच असतात. त्यातून बद्धकोष्ठ आणि लघवीचा संसर्ग. इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याच्या वर असेल तर तुंबलेलं पोट किंवा भरलेलं मूत्राशय एवढ्यानेही रक्तदाब एकदम चढतो. डोकं ठणकतं, चेहऱ्याला घाम फुटतो. ताबडतोब ताठ बसवा, पट्टे सैल करा, कॅथेटरची नळी कुठे मुडपली आहे का पाहा. उतरलं नाही तर डॉक्टर. अशा खेळाडूला नवा पदार्थ एका वेळी एकच द्यावा, तोही सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी.

वॉरफरिन हे रक्त गोठू न देणारं औषध घेणाऱ्याने नात्तो, म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, चाखूसुद्धा नये. त्यातल्या के जीवनसत्त्वाने औषधाचा परिणाम उतरतो. शाकाहारी मंडळींनी ‘भाज्यांचं सूप’ या शब्दांवर विसंबू नये, दाशीत, म्हणजे तिथल्या सुपांच्या मूळ रश्श्यात, बहुतेक वेळा वाळवलेला मासा असतो. ज्यांना गहू चालत नाही त्यांनी लक्षात ठेवावं, बहुतेक सोया सॉसमध्ये गहू असतो. तेबासाकी म्हणजे कोंबडीचे पंख, एका हाताने खाणं जिकिरीचं. अंध खेळाडूला ताटातले पदार्थ घड्याळाच्या आकड्यांनी सांगा, आणि माशात काटे आहेत हे घास घेण्याआधी.

सिंगापूर किंवा दुबईमार्गे जाणार असाल तर घरचा गोडा मसाला नेऊ नका. त्यात बऱ्याचदा खसखस असते आणि दोन्हीकडे ती बंदी असलेल्या पदार्थांत मोडते. शिवाय खसखशीमुळे उत्तेजकांच्या चाचणीत मॉर्फिन दिसू शकतं. स्यूडोएफेड्रिन असलेल्या सर्दीच्या गोळ्याही घरीच ठेवा.

बाकी तयारी. हॉटेलला ‘व्हीलचेअर चालते का’ विचारू नका, कुणीही हो म्हणतं. न्हाणीघराच्या दाराचा आणि उंबऱ्याचा मोजपट्टी लावलेला फोटो मागा, कारण तिथल्या स्वस्त हॉटेलांत न्हाणीघर पायरीभर उंच असतं. चार्जरवर १००–२४० व्होल्ट लिहिलेलं आहे का पाहा. जपानात १०० व्होल्ट असतात, फक्त २३० चा चार्जर तिथे कामाचा नाही. खुर्चीची काढता येणारी लिथियम बॅटरी ३०० वॅट-तासांपर्यंतच चालते आणि ती केबिनमध्ये न्यावी लागते. बसून गोळा किंवा थाळी फेकणाऱ्यांची बसायची चौकट उशीसकट ७५ सेंमीपेक्षा उंच नको, आणि ती जमिनीला बांधायचे हुक मैदानात आहेत का ते आधी लिहून घ्या. नुसती गवताची जागा मिळाली तर गोळाफेकीचा सराव विसरा. एक महिन्याहून जास्त पुरतील इतकी डॉक्टरने लिहून दिलेली औषधं नेणार असाल तर जपानची आगाऊ परवानगी लागते.

औषधांबद्दल वर जे लिहिलं ते प्रत्येकाच्या डॉक्टरला विचारूनच. आणि ज्यांची स्पर्धा दोन-तीन दिवसांवर आली आहे त्यांना नवीन काहीही देऊ नका, तेव्हा खिचडीच बरी.

पण स्वयंपाकी सोबत नेऊ नका. त्याच्या तिकिटात सॉकेट आणि खुर्च्या दुरुस्त करणारा तंत्रज्ञ बसतो. भात जपानात मिळतो; तुमच्या खेळाडूच्या सॉकेटची माहिती असलेला माणूस मिळत नाही.