लाकडी गोळे कातण्याचे लोखंडी जिग घरी करताना बेअरिंग लागते का?

लाकडी गोळे एकसारखे उतरावेत यासाठी लेथच्या (लाकूड फिरवून कातण्याच्या यंत्राच्या) बेडवर, म्हणजे खालच्या लांब पायावर, बसणारे फिरते जिग (हत्यार वर्तुळातच फिरवणारे साधन) घरी करता येईल का आणि त्यात बेअरिंग घालावे का, असे आपण विचारले आहे. जिग घरी निश्चित करता येते. बेअरिंगची मात्र गरज नाही. जरासाही ढिलेपणा असलेले बेअरिंग घालण्यापेक्षा १६ मिमी जाडीची कातीव पिन रीमर (छिद्र नेमक्या मापाचे करणारे हत्यार) फिरवलेल्या छिद्रात नेमकी बसवणे मी केव्हाही पसंत करीन.

माझ्या जिगला १२ मिमी जाडीच्या माइल्ड स्टीलची तळपट्टी आहे आणि तिच्याखाली बेडच्या फटीत चपखल बसणारा ठोकळा आहे. पिनेभोवती फिरणाऱ्या आडव्या पट्टीवर एक उभा खांब वेल्ड केलेला असून, त्यातून गोल कार्बाइड इन्सर्ट (बदलता येणारे कठीण पाते) लावलेला चौकोनी दांडा पुढे-मागे सरकतो. इन्सर्टचा व्यास कितीही असला तरी चालतो, कारण त्याचे तोंड सदैव गोळ्याच्या केंद्राकडेच राहते.

बहुतेक जण हत्याराच्या उंचीचीच चिंता करतात, पण आकार खरा बिघडतो तो पिन लेथच्या अक्षाच्या बरोबर खाली नसल्यामुळे. ३० मिमी त्रिज्येच्या गोळ्यात हत्यार अक्षाच्या १ मिमी खाली राहिले, तर त्रिज्या जेमतेम ०.०२ मिमी वाढते आणि दोन्ही टोकांशी बारीक गाठ उरते. गोळा गोलच राहतो. याउलट पिन आपल्या बाजूला अर्धा मिमी जरी सरकलेली असली, तरी कमरेचा, म्हणजे मधल्या सर्वांत जाड भागाचा, व्यास १ मिमीने वाढून गोळा संत्र्यासारखा चपटा होतो, आणि ती पलीकडे गेली असेल तर टोके निमुळती होतात. म्हणून तळपट्टीची बोल्टची छिद्रे लांबट ठेवावीत, म्हणजे पिन आडवी सरकवता येते. पारख सोपी आहे: रद्दी लाकडाचा एक गोळा कातून, लेथ बंद करून, सपाट कापलेल्या पाइपचे तोंड त्याच्या कमरेवर टेकवावे. कुठूनही उजेड दिसला नाही, तर पिन जागेवर आहे.

कातताना आधी सिलिंडर करून घ्यावा, गती कमी ठेवावी आणि लेथ सुरू करण्यापूर्वी जिग हाताने पूर्ण फिरवून ते कुठे अडत नाही ना, हे पाहावे. चेहऱ्यावर फेसशील्ड हवीच. दर खेपेला हत्यार थोडेसेच पुढे घेऊन कमरेकडून टोकांकडे काप घ्यावा, म्हणजे लाकडाच्या रेषा उचकटत नाहीत. हत्याराचे टोक आणि पिनेचा मध्य यांतील अंतर हव्या त्या त्रिज्येइतके झाले की दांडा पुढे सरकवणे थांबवावे. गोळ्याला दोन्ही टोकांशी धरून ठेवणाऱ्या लाकडाच्या दांड्या १० ते १२ मिमी जाडीच्या राखाव्यात आणि शेवटी लेथ थांबवून करवतीने कापाव्यात. तेवढा भाग हातानेच घासावा लागतो, तिथे हे जिग पोहोचत नाही.