पोटाची लाट आणि अडलेला श्वास

प्रश्न : ताई, मी फोंड्यात आठ बायकांना बेली डान्स शिकवते. कमरेचे झटके, आठचा आकडा त्यांना छान जमतो. बेली रोल, म्हणजे पोटावरून वर-खाली फिरणारी लाट, आला की मात्र सगळ्या अडतात. मी समोर उभी राहून पुन्हा पुन्हा करून दाखवते. त्या एकतर छाती पुढे-मागे करतात, नाहीतर अख्खं पोट एकदम आत-बाहेर. दोन महिने झाले. माझं काय चुकतंय?

उत्तर : आधी करून दाखवणं थांबवा. बघणारीला तुमच्या पोटावरची लाट दिसते, ती कुठून उठते ते दिसत नाही. म्हापशातल्या माझ्या पहिल्या बॅचला मी महिनाभर असंच दाखवत राहिले, आणि तिघी जणी कंटाळून सोडून गेल्या. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

अडचण पोटात कमी, श्वासात जास्त आहे. आपल्या बायका फुगडी घालत वाढलेल्या. ‘फू’ करताना श्वास बाहेर, पोट आत, ही जोडी अंगात मुरलेली असते. बेली रोलमध्ये ती सोडवावी लागते. त्यात वयात आल्यापासून ‘पोट आत घे’ ऐकलेलं. पोट मुद्दाम बाहेर काढायला सांगितलं की त्या लाजतात आणि श्वास रोखून धरतात. लाट तिथेच मरते.

त्यांना चटईवर उताणं झोपवा. गुडघे वर, डोक्याखाली उशी, म्हणजे स्वतःचं पोट दिसेल. बेंबीवर एक हलकी करवंटी पालथी ठेवा. आता चार पायऱ्या : बरगड्यांखालचा भाग फुगवायचा, मग बेंबीखालचा फुगवायचा, मग वरचा आत, मग खालचा आत. पहिल्या पायरीला करवंटी पायांकडे कलते, दुसरीला वर येऊन सपाट होते, तिसरीला डोक्याकडे कलते, चौथीला खाली बसते. चौघींच्या करवंट्या कलतील, चौघींच्या नुसत्या वर-खाली होतील. पण कुठली पायरी निसटते ते प्रत्येकीला स्वतःला दिसेल, तुम्ही सांगायची गरज उरणार नाही.

हे करताना त्यांना मोठ्याने पाढे म्हणायला लावा. बे एके बे, बे दुणे चार. आवाज दाबला गेला की समजा, श्वास रोखलाय. घाई करू नका, माझ्याकडे एकीला याच पायरीवर सहा आठवडे लागले.

पोटाचा उभा स्नायू बरगड्यांपासून ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या हाडापर्यंत एकच असतो, पण त्याच्या वरच्या आणि खालच्या भागाला नसा वेगवेगळ्या येतात. म्हणून हे भाग सरावाने वेगळे हलवता येतात. ज्यांना ‘माझं अंगच तसं नाही’ वाटतं त्यांना हे जरूर सांगा.

ताल शिकवायला घरचा भजनी ठेका घ्या. आठ मात्रा, प्रत्येक पायरीला दोन. लाट जमली की उभं करा, गुडघे किंचित सैल, पाठ भिंतीला टेकवून. छाती मध्ये आली तर खांदे भिंतीपासून सुटतात आणि तिचं तिलाच कळतं. मग चिफ्तेतेल्ली हा बेली डान्सचा ठेका लावा. तोही आठाचाच संथ ताल, त्यामुळे पोटाला नवं काही शिकावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी विचारायला हवी : कोणाचं सिझेरियन झालंय, बाळंतपणानंतर कोणाच्या पोटाच्या स्नायूंत मधोमध फट राहिली आहे? अशा बाईला डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टकडून होकार येईपर्यंत हा भाग देऊ नका. तोवर ती हातांच्या लाटा करू दे, वर्गातून तिला बाहेर बसवू नका.

आणि वर्ग दुपारचा असेल तर संध्याकाळी साडेपाचनंतर हलवा. शीत-हुमण जेवून तासाभरात आलेल्या पोटाला लाट सांगणं बरोबर नाही.