आजोबांची ट्रंक उघडण्यापूर्वी

ट्रंकेतले कागद लगेच तारखेनुसार लावू नकोस. कोणतं पत्र कोणत्या पुडक्यात होतं, हीसुद्धा माहितीच असते. आधी आहे तसे फोटो काढ. गंजलेल्या टाचण्या हळूच सोडव. सेलोटेप आणि लॅमिनेशन तर नकोच, कागद कायमचा बिघडतो. फोटोंमागे मऊ पेन्सिलीनं, हलक्या हातानं नावं लिही. हे काम मात्र आजच आजीजवळ बसून कर. ते चेहरे ओळखणारं घरात दुसरं कोण उरलंय?

जुन्या मोडी लिपीतले कागद वाचता येत नाहीत म्हणून रद्दीत घालू नकोस. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी गावोगाव फिरून असेच घरोघरचे कागद मिळवले. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ 1910 पासून आहे, धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे; तिथे विचार. किराणा-वाण्याच्या याद्याही ठेव, त्यात गावाचे भाव सापडतात.