‘कट्यार काळजात घुसली’: जुनी ध्वनिमुद्रिका की नवी?

जुनीच आधी ऐका. १९६७ च्या संगीत नाटकातले गवई खाँसाहेब म्हणजे वसंतराव देशपांडे. त्यांची तान कुठं वळेल याचा नेम नाही. जितेंद्र अभिषेकीबुवांचं संगीत. ‘घेई छंद मकरंद’च्या दोन्ही चाली पाठोपाठ लावा, नाटकातल्या दोन गायकी घराण्यांचं भांडण तिथंच कळतं. एकच अडचण, तबकडीवर पद आटोपशीर होतं. रंगमंचावरचा विस्तार तिथं नाही.

२०१० च्या पुनरुज्जीवनात नातू राहुल देशपांडे. आवाज स्वच्छ ऐकू येतो, पण मला आजोबांचा खरखरीतपणाच हवा असतो. २०१५ चा सिनेमा तुलनेत धरू नका, त्यात शंकर-एहसान-लॉय यांची नवी गाणी आहेत.

आम्ही गायक-नट केशवराव भोसल्यांच्या कोल्हापूरचे, त्यामुळं नाट्यपदांबाबत जरा हट्टीच!