वाचकांचे प्रश्न: हायवे टायर संपले, आता ऑल-टेरेन कुठले टाकू?

प्रश्न: नमस्कार दादा, माझ्याकडे फोर बाय फोर एसयूव्ही आहे, कंपनीकडून आलेले हायवे टायर आता संपत आलेत. साइज २६५/६५ आर १७, लोड इंडेक्स ११२. ऑल-टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीवर चालणारे, टाकायचं नक्की केलंय. गाडी जास्त करून डांबरीवरच असते, अधूनमधून कच्चा रस्ता, दगडगोटे, पावसाळ्यात थोडा चिखल. मित्रांना विचारलं आणि फसलो. एक म्हणतो एक साइज मोठा घे, २६५/७०, दुसरा म्हणतो एलटीच घे नाहीतर घेऊच नको, तिसरा म्हणतो टाकायचाच तर मड टेरेन टाक ना. काय करू?

उत्तर: तिघांनीही आपापल्या गाडीचं उत्तर दिलंय, तुमच्या गाडीचा विचार कोणीच केला नाही.

मड टेरेन आधी बाजूला ठेवा. त्याच्या ब्लॉकमधल्या, म्हणजे रबराच्या ठोकळ्यांमधल्या, फटी मोठ्या असतात म्हणून चिखल बाहेर फेकला जातो, पण त्याच फटींमुळे डांबरावर रबर कमी टेकतं, ओल्या रस्त्यावर ब्रेक लांब लागतो, घोंगावणारा आवाज येतो आणि टायर झिजतोही लवकर. अधूनमधूनच्या चिखलासाठी वर्षभर एवढं कोण सोसणार.

आता मोठा साइज. आकड्यातलं २६५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ६५ म्हणजे साइडवॉलची, टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची रुंदीच्या किती टक्के, आणि १७ म्हणजे रिमचा व्यास इंचात. २६५/६५ आर १७ ची उंची येते साधारण ७७६ मिलिमीटर आणि २६५/७० ची ८०३. फरक २७ मिलिमीटरचा, पण गाडी उचलली जाते त्याच्या निम्मी, कारण अर्धा टायर ॲक्सलच्या वर असतो ना, म्हणजे हातात पडले फक्त १३ मिलिमीटर, बोटाच्या जाडीएवढे. बदल्यात काय जातं ते बघा. गियरिंग साडेतीन टक्क्यांच्या आसपास लांबतं, म्हणजे इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत गाडी जास्त पुढे जाते, त्यामुळे लो रेंजमध्ये (हळू पण ताकदीच्या गिअरमध्ये) गाडी जितकी हळू सरकायची तितकी हळू सरकत नाही, पिकअप मंद होतो, आणि स्पीडोमीटरचा काटा पूर्वी जिथे असायचा तिथेच असला तरी खरा वेग आधीपेक्षा साडेतीन टक्के जास्त असतो. कंपन्या काटा मुळातच थोडा जास्त दाखवेल असा ठेवतात, त्यामुळे बऱ्याच गाड्यांत हा फरक त्यातच जिरतो, पण जीपीएसवर एकदा ताडून बघा. शिवाय स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं आणि सस्पेन्शन दाबलेलं असताना टायर आतल्या लायनरला किंवा मडफ्लॅपला घासतो का हे दुकानात सपाट जमिनीवर कळत नाही, ते पहिल्या मोठ्या खड्ड्यात कळतं. स्टेपनी त्याच साइजची लागणार, ती जागेवर बसते का तेही बघावं लागतं, आणि साइज बदललेला तुमच्याकडच्या नियमात आणि इन्शुरन्समध्ये चालतो का हे विचारायचं राहिलंच. १३ मिलिमीटरसाठी मी तरी एवढं करणार नाही. मूळ साइजच ठेवा.

राहिला एलटी, आणि इथे मात्र मित्राच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. एलटी म्हणजे लाइट ट्रक, त्याची बांधणीच जाड असते, बऱ्याच मॉडेलांत साइडवॉलला तीन थर असतात, धारदार दगडावर हाच टायर टिकतो. साइडवॉल फाटली की पंक्चर काढून चालत नाही, टायर गेलाच समजा, म्हणून खडकाळ भागात सतत फिरणारे एलटीच घेतात ते बरोबर आहे. कायम लोडेड गाडी, छतावर तंबू, मागे ट्रेलर, तेव्हाही एलटीच. पण तो प्रत्येकी काही किलो जड असतो, आणि हे वजन सस्पेन्शनच्या खालचं, त्यामुळे राइड कडक होते, पिकअप आणि मायलेज दोन्ही थोडं पडतं. अजून एक गोष्ट दुकानात सहसा कोणी सांगत नाही: तेवढंच वजन पेलायला एलटीला हवा जास्त लागते. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर जे प्रेशर लिहिलंय ते कंपनीच्या मूळ टायरसाठी आहे, तेच एलटीत भरलं तर टायर दिसायला टणक पण प्रत्यक्षात कमी हवेवर चालतो आणि तापतो. टायर कंपनीचं लोड टेबल असतं, त्यात बघून आकडा ठरवायचा. एलटीवर सी, डी, ई अशी लोड रेंज असते, म्हणजे ६, ८, १० प्लाय (थर) रेटिंग, पण आत खरंच १० थर आहेत असं समजू नका, तो ताकदीचा जुना हिशोब आहे.

तुमचं वर्णन वाचून मी साधा ऑल-टेरेन सुचवेन, एलटी नाही. अट एकच, लोड इंडेक्स ११२ पेक्षा खाली जायचं नाही. ११२ म्हणजे एक टायर ११२० किलो पेलू शकतो. त्यापुढचं अक्षर वेगाचं, क्यू १६० किमी, आर १७०, एस १८०, टी १९०. ऑल-टेरेनवर हे अक्षर मूळपेक्षा खालचं सापडू शकतं, म्हणून गाडीच्या मॅन्युअलमध्ये काय मागितलंय ते बघूनच घ्या.

ब्रँडवर भांडण लावत नाही, फक्त एवढं लक्षात ठेवा की टायरचं नाव एकच असलं तरी बांधणी साइजप्रमाणे बदलू शकते. बीएफगुडरिचचा केओ२ बहुतेक साइजमध्ये एलटीच येतो, योकोहामाचा जिओलँडर जी०१५ साधाही येतो आणि एलटीही. त्यामुळे नुसतं मॉडेल सांगून ऑर्डर देऊ नका, साइडवॉलवरचा पूर्ण आकडा सांगा. बर्फात जाणार असाल तर डोंगरात हिमकणाचं चिन्ह शोधा, त्यासाठी टायरला बर्फावरची चाचणी पास व्हावी लागते, नुसतं एम प्लस एस (मड अँड स्नो) लिहिलेलं असेल तर त्यामागे तशी सक्तीची चाचणी नसते. आणि साइडवॉलवरच्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे वाचा, २३२४ असेल तर २०२४ चा २३ वा आठवडा. दुकानात पडून राहिलेला जुना माल नवा म्हणून घेऊ नका.

प्रश्न: माझ्या गाडीला फुल-टाइम फोर व्हील ड्राइव्ह आहे. मागचे दोनच टायर संपलेत, पुढचे अर्धे आहेत. दोनच ऑल-टेरेन टाकले तर चालेल का? बजेटचा प्रश्न आहे.

उत्तर: नको. नव्या ऑल-टेरेनची उंची आणि पुढच्या अर्ध्या झिजलेल्या टायरची उंची वेगळी, म्हणजे पुढचा आणि मागचा ॲक्सल कायम वेगळ्या गतीने फिरणार आणि तो फरक दोन्ही ॲक्सलना ताकद वाटणाऱ्या सेंटर डिफरन्शिअलला किंवा कपलिंगला रात्रंदिवस सोसावा लागणार. ते गेलं की चार टायरपेक्षा मोठं बिल येतं. शिवाय पुढे एक पकड मागे दुसरी, ओल्या वळणावर गाडी कशी वागेल सांगता येत नाही. आत्ता बजेट नसेल तर पुढच्यांसारखेच, त्याच मॉडेलचे, जमलं तर तेवढेच झिजलेले दोन टायर शोधा आणि चारही एकदम संपले की ऑल-टेरेनकडे वळा. उंचीचा किती फरक चालतो हे मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं.

प्रश्न: दादा, मी ऑल-टेरेन टाकले, ६५ चे ७० केले. तेव्हापासून मायलेज पडलंय आणि आवाजही वाढलाय. टायर खराब निघाले का?

उत्तर: ताई, मायलेजमध्ये थोडं नुसतं आकड्यांचंही आहे. टायर मोठा झाला की एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते पण ओडोमीटर जुन्याच हिशोबाने मोजतो, म्हणजे तुम्ही खरंतर १०३ किमी गेलात तरी तो १०० च दाखवतो. आधी हिशोबात तीन-साडेतीन टक्के मिळवा, मग उरलेली घट टायरच्या वजनाची आणि जाड ट्रेडची (रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीची). आवाज थोडा राहणारच. पण तो महिन्यागणिक वाढत असेल तर ब्लॉकवरून हात फिरवून बघा, एका बाजूला धार आणि दुसरीकडे गुळगुळीत लागलं तर झीज असमान आहे, अलाइनमेंट करून घ्या आणि दर ८-१० हजार किमीला रोटेशन, म्हणजे टायरांच्या जागांची अदलाबदल, करा, स्टेपनी पण त्याच साइजची आणि त्याच मॉडेलची असेल तर पाच टायरचं.

प्रश्न: वाळूत हवा किती कमी करायची?

उत्तर: मऊ वाळूत १५ ते १८ पीएसआयपासून सुरुवात करा. हवा कमी झाली की टायर लांबीला जास्त पसरतो, वजन वाटलं जातं, गाडी रुतत नाही. तेवढ्या हवेत वेग कमी ठेवा आणि झटक्यात वळू नका, टायर रिमवरून निघू शकतो. डांबरी रस्ता लागला की आधी हवा भरा मग वेग घ्या. म्हणजे गाडीत चालू स्थितीतला कंप्रेसर आणि नीट चालणारा गेज हवा, आणि गेज शक्यतो स्वतःचाच.