न फोडलेलं पाकीट

"मॅडम, मला अटक होईल का हो?" खुर्चीत बसायच्या आधीच त्या बाईंनी विचारलं. पिशवीतून दहा-बारा पाकिटं निघाली, एकही फोडलेलं नव्हतं. मधे सहा महिने नोकरी नव्हती, तेव्हापासून क्रेडिट कार्डाचं बिल थकलेलं.

आम्ही मिळून पाकिटं फोडत गेलो. बहुतेक बँकेच्या वकिलाच्या नोटिसा, एक लोकअदालतीचं, म्हणजे तडजोडीसाठी बोलावणं. तेवढ्यावर कुणाची जप्ती होत नाही. सर्वांत खालचं मात्र दिवाणी न्यायालयाचं समन्स होतं, ऑर्डर ३७ च्या, म्हणजे पैशांच्या झटपट वसुलीच्या दाव्याचं. अशा दाव्यात समन्स मिळाल्यापासून १० दिवसांत हजेरी नोंदवावी लागते. नाही नोंदवली, तर बँकेचं म्हणणं तुम्हाला कबूल आहे असं धरून हुकूमनामा, म्हणजे पैसे द्या असा न्यायालयाचा निकाल, होतो. बजावणीला सहा दिवस झाले होते. माझ्याच पोटात गोळा आला. त्याच दुपारी त्यांना विधी सेवा प्राधिकरणात पाठवलं. बायकांना तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो.

अटकेचं म्हणाल तर नुसतं बिल थकणं हा गुन्हा नाही. दिलेला चेक किंवा ऑटो-डेबिट खात्यात पैसे नाहीत म्हणून परत गेलं, तर फौजदारी खटला होऊ शकतो. त्यांचं तसं काही नव्हतं. हुकूमनाम्यानंतरही, पैसे असून मुद्दाम न देणाऱ्यालाच दिवाणी तुरुंगात धाडता येतं, गरिबीमुळे नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे १९८० मध्येच स्पष्ट केलंय. आणि बाईला तर पैशांच्या हुकूमनाम्यासाठी तुरुंगात धाडताच येत नाही.

"आणि पगार?" नव्या नोकरीत ३१,००० मिळत होते. मी कागदावर मांडून दाखवलं: पहिल्या १,००० ला हात लावता येत नाही, उरलेल्या ३०,००० पैकी दोन तृतीयांशालाही नाही. म्हणजे बँकेने हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी दरखास्त लावलीच, तर महिन्याला जास्तीत जास्त १०,०००, तेही एका हुकूमनाम्यासाठी २४ महिन्यांपर्यंतच. पीएफ सुरक्षित. तो आकडा त्या बराच वेळ बघत राहिल्या. इतके महिने त्यांना वाटत होतं, सगळंच जाणार.

वकिलाने मुदतीत हजेरी लावली आणि प्रकरण लोकअदालतीत गेलं. जाण्याआधी मी एवढंच बजावलं, की तिथल्या निवाड्यावर अपील नसतं, झेपेल त्याच हप्त्यावर सही करा.

बँकेने ८,००० चा हप्ता सांगितला. त्या नाही म्हणाल्या. ५,००० वर सही केली.